फोटोत उरलेला हात

चहा टाकलाय, तो उकळेपर्यंत ऐका. पण आधी एक कबूल करा. कधी आमच्या दुकानी फराळ घ्यायला गेलात, आणि आमचं ॲप उघडल्यावर पडद्याच्या कडेला एक सुटा हात दिसला, तर "हा कुणाचा हो?" असं मोठ्यानं विचारायचं नाही. विचारलंत की अख्खं दुकान हसायला लागतं, आणि मला तोंड लपवायला बुंदीच्या लाडवांच्या परातीमागे जावं लागतं!

तर मी मीनल. घरात मीनू. मोबाइलची ॲप तयार करायचं काम करते. कंपनी पुण्यात, मी ग्वाल्हेरात, दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत. आणि त्यातही माझ्या वाट्याला काय आलंय? स्प्लॅश स्क्रीन! ॲपवर बोट ठेवलं की आतलं सगळं जागं होईपर्यंत एक चित्र झळकतं आणि लगेच निघून जातं ना, ते. तुम्ही कधी धड बघितलंय त्याच्याकडे? नाही ना? मी त्याच्यावर पोट भरते!

आता फोनवाले काही स्वस्थ बसत नाहीत. दरवर्षी नवा आकार. कुणी पडवळासारखा लांबच लांब, कुणी पुस्तकासारखा उघडणारा. प्रत्येकावर ते चित्र नीट बसलं पाहिजे. नियम अगदी साधा आहे: महत्त्वाचं ते मधोमध ठेवा, कारण कुठल्या फोनवर कुठली कड कापली जाईल ते सांगता येत नाही. आणि आपल्या एकट्याच्या फोनवर बघून कधीही खूश होऊ नका. हे मी कंपनीत नव्याने आलेल्यांना शिकवते. मी! शिकवते!

बरं, आता आमचं दुकान. पाटणकर बाजारात, फराळाचं. चकली, अनारसे, चिरोटे, करंज्या. दुकान दोघा भावांचं. माझे बाबा थोरले, ते गल्ल्यावर आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायला. धाकटे बाळकाका कढईवर. बाळकाकांचं वय विचारू नका, नातवंडं खेळवायच्या वयाचे आहेत, पण बाबांसाठी ते अजून 'बाळ' आहेत, आणि बाबांनी हाक मारली की अजून तसेच बघतात.

मधली दोन वर्षं मात्र हाक नव्हती. भांडण कशावरून? कचोरीवरून! बाळकाका म्हणाले, "दादा, सकाळी इथे सगळं शहर बेडई-कचोरी खातं, आपण पण ठेवू." बाबा म्हणाले, "फराळाच्या दुकानात कचोरी? उद्या समोसे तळशील!" झालं. दुकानाच्या मधोमध काचेचं मोठं कपाट उभं राहिलं. इकडे बाबांचे चिरोटे, तिकडे काकांची कचोरी. मधून नजरही जाऊ नये म्हणून कपाटात चिवड्याचे डबे छतापर्यंत रचलेले. काका-काकू जयेंद्रगंजात वेगळे राहायला गेले. त्या दोन दिवाळ्या आमच्या घरात कशा गेल्या ते सांगत नाही, चहा कडू होईल.

मग यंदाच्या दसऱ्याला काका स्वतःच सोनं घेऊन दारात आले. बाबांनी आपट्याची पानं घेतली आणि म्हणाले, "सकाळी कचोरी चालेल. पण दुपारनंतर नाही." काका म्हणाले, "चालतंय." आणि दोघंही रडले हो! दुसऱ्या दिवशी कपाट सरकून भिंतीला लागलं. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "दुकानाचं ॲप मी करून देते! दिवाळीचा फराळ लोक घरबसल्या मागवतील!"

माझा पाय खोलात गेला तो इथे.

ॲप झालं छान. आता उघडताना कुठलं चित्र दाखवायचं? मी म्हटलं, करंजीचं. बाबा म्हणाले, "करंजी काय, सगळ्यांकडेच असते. घराणं दाखव." म्हणजे सगळ्या घराचा एकत्र फोटो. दोन वर्षांनंतरचा पहिला!

आता आमच्या घराण्यातला फोटो म्हणजे साधी गोष्ट नाही. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. तलवारी कधीच गेल्या, पण रीत राहिली. फोटोत दोन्ही टोकं थोरल्या पुरुषांनी धरायची. बायकापोरं मध्ये, सुरक्षित. टोकावरच्यानं शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे फळी फुटत नाही. आता दुकानाच्या पायऱ्यांवर कोण चाल करून येणार आहे, असं विचारायचं नाही. लग्न असो, मुंज असो, आमची फळी अभंग.

तेव्हा दुकानाच्या पायऱ्यांवर सगळे उभे राहिलो. खाली बसलेली, इंदूरहून सुट्टीला आलेली आत्याची नातवंडं, वरच्या पायरीवर डाव्या टोकाला बाबा (चारचौघांत आईच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा, म्हणून हाताची घडी घालून), त्यांना लागून आई, मग काकू, काकांचा मुलगा चिन्मय, मग मी, आणि उजव्या टोकाला बाळकाका, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मिशा दोघांच्याही सारख्याच ताठ.

मी तो फोटो ॲपला लावला. आता दोन पर्याय असतात. एक, फोटो पूर्ण दाखवा, वर-खाली पट्ट्या सुटल्या तर सुटू द्या. पट्ट्यांसकट आईला दाखवला तर ती म्हणाली, "हे काय गं, श्रद्धांजलीसारखं!" तो पर्याय मेला. दुसरा, पडदा पूर्ण भरा, कडा कापल्या गेल्या तर जाऊ द्या. मी पडदा भरला. माझ्या फोनवर बघितलं. माझा फोन जुना, बुटका, एका कोपऱ्यात फुटलेला. त्यावर फोटो असा चपखल बसला, जणू त्याच्यासाठीच काढला होता. डावीकडे बाबा, उजवीकडे काका. वाहवा, मीनू!

आणि मी खूश झाले. आपल्या एकट्याच्या फोनवर बघून. काय शिकवते मी नव्या लोकांना?

वसुबारसेला सकाळी बाबांनी फोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि ॲप सगळ्या नातेवाइकांना आणि गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. बाबांचा फोन माझ्यासारखाच जुना ठोकळा. त्यांना सगळे दिसले. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवत सुटले.

काकांना मात्र चिन्मयनं नुकताच नवा फोन घेऊन दिला होता. पडवळ!

दुपारी दुकानात गेले तर काका कढईजवळ नव्हते. ते कपाटाजवळ उभे होते. कपाटावर हात ठेवून.

"काका, काय झालं?"

"काही नाही. बघतोय, हे किती भारी आहे."

"ॲप बघितलंत?"

"बघितलं ना. सुंदर आहे. चिन्मय सुंदर, वहिनी सुंदर, तू सुंदर." काका म्हणाले. "फक्त मी कुठे आहे, तेवढं सांग."

"अहो, तुम्ही माझ्या शेजारी!"

"शेजारी माझा हात आहे, बेटा. चार बोटं आणि अंगठी. बाकीचा मी कुठे गेलो?"

मला वाटलं काकांची थट्टा चाललीय. मी माझा फोन काढून ॲप उघडलं, "हे बघा!" म्हणेपर्यंत फोटो गेला आणि चकल्या आल्या. ते चित्र थांबतच नाही ना क्षणभर! परत उघडलं तर थेट चकल्या. कारण ॲप पूर्ण बंद केल्याशिवाय ते चित्र दुसऱ्यांदा येत नाही, आणि घाईत कोण बंद करतं?

"हे बघा, तुम्ही... गेलात. थांबा. आता... हं, गेलात."

"तेच तर बोलतोय मी. गेलो!" काका म्हणाले.

तेवढ्यात बाबा आले. "काय रे बाळ, काय झालं?"

"दादा, कचोरीची गोष्ट मनात होती तर तोंडावर बोलायचं होतं. फोटोतून काढायची काय गरज होती?"

"कुणाला काढलं?"

"मला!"

"अरे, तू आहेस की! हे बघ!" बाबांनी आपला फोन काकांच्या नाकापुढे धरला. फोटो आला. काका उजव्या टोकाला, पूर्ण, मिशांसकट. पण काका डोळ्यांवर चष्मा चढवेपर्यंत चकल्या!

"चकली दाखवताय मला?" काकांनी फोन बाजूला सारला. "दोन वर्षं कमी होती?"

"चष्मा लाव आधी, मग भांड! डोळे गेलेत तुझे!"

"डोळे शाबूत आहेत! नियत बघतोय मी!"

गिऱ्हाइकं अर्धा किलो चिवडा हातात धरून तमाशा बघत होती. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काका, तुमचा फोनच खराब असेल."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "नया फोन खराब, आणि तुझा तुटका फोन सही?"

संध्याकाळी कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलेलं होतं.

घरी येऊन मी चिन्मयला फोन केला. तो म्हणाला, "दीदी, यार, पापा सही बोल रहे हैं. माझ्या फोनवर पण ते नाहीयेत. सिर्फ हाथ है. भूतवाली पिक्चर लगती है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लांब फोन! दोन्ही कडा कापल्या जातायत! म्हणजे काकांच्या फोनवर काका नाहीत, तसेच बाबाही नाहीत की! त्यांच्याही कोपराचं नुसतं टोकच दिसत असणार. पण काकांना ते दिसलंच नाही. फोटो हातात आला की माणूस आधी स्वतःला शोधतो. स्वतः सापडला नाही तर दुसरं कोण हरवलंय ते कोण बघतं?

एवढ्यात आत्याचा इंदूरहून फोन. आत्याकडे पुस्तकासारखा उघडणारा फोन, जावयानं दिलेला. आत्या म्हणते, "मीनू, अगं काय हे सणासुदीचं? सगळ्यांची मुंडकी उडवलीस! पोटावरून मी दादा आणि बाळला ओळखलं. दोघं आहेत, पण गळ्यापर्यंतच!"

मी कपाळ बडवून घेतलं. पण शांत डोक्यानं विचार करेन तर ती मी कसली? मला एकच दिसत होतं, ते कपाट. काका रात्रीतून ते मध्यभागी नेतील या धास्तीनं मी बसल्या बैठकीत सोपा उपाय केला. फोटो मधून धरण्याऐवजी उजव्या बाजूनं धरला. म्हणजे कापायचं ते सगळं डावीकडून कापलं जाईल आणि काका पूर्ण दिसतील. बाबांचा फोन तर बुटकाच, त्यांना काय फरक पडणार? बदल केला आणि सगळ्यांना पाठवून दिला. काकांचा उलट निरोप आला, "दिसतोय. मिशा बऱ्या आल्यात." मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. आणि आई सकाळीच बाजारात गेली. धनत्रयोदशीला काहीतरी धातूचं घ्यायचं असतं ना? दरवर्षी आई वाटी, डाव, फार तर समई आणते. या वर्षी परत आली ती खोकं घेऊन.

"हे काय, आई?"

"फोन. धातूचाच असतो की आतून! बाळभाऊजींकडे नवा आणि ह्यांच्याकडे तो ठोकळा, बरं दिसतं का? चिन्मयलाच नेलं होतं बरोबर, अगदी तसाच घेतला."

अगदी तसाच! माझ्या हातातली करंजी खाली पडली.

मी दुकानाकडे स्कूटर काढली तेव्हा उशीर झालेला होता. बाबा नवा फोन उघडून गल्ल्यावर बसलेले, आणि काका हसत हसत कचोऱ्या तळत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मीनल," ते म्हणाले. बाबा मला मीनल म्हणाले की समजायचं. "थोरला कोण आहे या घरात?"

"तुम्ही, बाबा."

"मग फोटोत कुठे आहे मी? तुझ्या आईचाही एकच डोळा आलाय. आणि हे बघ, बाळ कसा पूर्ण! काल रडून गेला, आज मला काढलं! चांगलं जमवलंत दोघांनी काका-पुतणीनं!"

"दादा, मी काही नाही बोललो हिला!" काका झारा घेऊनच धावले. "दाखवा. हां... गेला."

"गेला ना? तेच सांगतोय! गेलो मी!"

"अरे फोटो गेला, दादा, तुम्ही नाही!"

आणि बाबा उठले. उठून थेट कपाटाकडे गेले. त्यांनी कपाट पकडलं. काकांनी दुसऱ्या बाजूनं पकडलं. मला वाटलं, झालं, आता हे दोघं मिळून कपाट मध्ये आणणार आणि आमची तिसरी दिवाळीही गेली. मला रडूच फुटलं. गिऱ्हाइकांसमोर, गल्ल्यासमोर, चांगलं भोकाड पसरून रडले मी!

"माझी चूक आहे!" मी ओरडले. "तुम्ही दोघं पण कापले गेलात! आधी दोघं पण! आत्याकडे तर मुंडकीही नाहीत! लांब फोनवर टोकं कापली जातात, आणि आपल्या घरात थोरले टोकाला उभे राहतात, आणि मी मूर्ख, मला हे रोज दिवसभर करूनसुद्धा कळलं नाही!"

मग काकांनी हळूच विचारलं, "काल माझ्या फोनवर दादा पण नव्हते?"

"नव्हते! नुसतं कोपर होतं!"

काकांनी बाबांकडे बघितलं. "कोपर तर मी बघितलं होतं, दादा. मला वाटलं वहिनींचं आहे."

बाबा आधी गालात हसले, मग पोट धरून. काका तर तिथे पोत्यावरच बसले. कपाट कुणीच सोडलेलं नव्हतं, पण आता दोघं ते ढकलत होते भिंतीकडे.

मग ठरलं, नवा फोटो. मी माझी सगळी विद्या पणाला लावली. "सगळे मध्ये! अगदी दाटीवाटीनं! बाबा, काका, तुम्ही दोघं मधोमध. तिथे कुठलाही फोन तुम्हाला कापणार नाही."

दोघंही अडले. बाबा म्हणाले, "आणि टोकं कोण धरणार?"

"हो ना," काका म्हणाले. "फळी उघडी ठेवायची? पूर्वज काय म्हणतील?"

"चिन्मय डावं टोक धरेल," मी छाती काढून म्हणाले. "उजवं मी."

आमच्या घराण्यात टोकाला उभी राहिलेली पहिली मुलगी मी, बरं का! बाबांचे डोळे भरून आले. काकांनी डोक्यावर हात ठेवला. जिथे दोन वर्षं कपाट उभं होतं, नेमक्या त्याच जागी दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या गुप्ताजींना बोलावलं, माझा फोन त्यांच्या हातात दिला, डोक्यांवर भरपूर जागा सोडायला बजावलं, आणि मी ऐटीत उजवं टोक धरून काकूच्या खांद्यावर हात ठेवला. फळी अभंग!

फोटो ॲपला लावला. बाबांनी त्यांच्या पडवळावर उघडला. "आलो!" काकांनी त्यांच्यावर उघडला. "मी पण! मिशा पूर्ण!" आत्या फोनवर ओरडली, "मुंडकी आली गं!" मी माझ्या फुटक्या फोनवर बघितलं. सगळे होते. मी टोकाला, ताठ, पूर्ण. मी तो सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला आणि मनात म्हटलं, मीनू, उगाच नाही तुला लोक शिकवायला सांगत!

पाडव्याला दुकानात ही गर्दी. फराळ घेता घेता एका बाईंनी ॲप उघडलं, आणि थोड्या गोंधळून काकांना विचारलं, "काका, फोटो छान आलाय, पण काकूंच्या खांद्यावर हा कुणाचा हात आहे?"

मी परातीजवळ होते. हातातला लाडू तसाच राहिला.

चिन्मय गडबडीनं म्हणाला, "दीदी, मी तर उभं राहायच्या आधीच अपने फोन पे देख लिया था, जुना फोटो कुठपर्यंत कापला जातो ते. म्हणून जरा अंदर सरकलो. तूने नहीं देखा?"

मी काय बघणार? मी माझ्या फोनवर बघितलं होतं!

काकांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला. पहिल्यांदाच वेळेत लावला. मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा हात? अहो, ही आमची मीनू. हिनंच तर ॲप बनवलंय!"

तेव्हापासून फोटो बदलायचं मी नाव काढलं की दोघं भाऊ एका सुरात ओरडतात, "खबरदार!" दोन वर्षांत पहिल्यांदा कुठल्या गोष्टीवर एकमत झालंय त्यांचं, ते मी कशाला मोडू?

घ्या, चहा झाला. आणि हो, माझ्या फोनवर मी अजून पूर्ण दिसते हं. दाखवते, थांबा... हं, गेले.